पानावरून परतणारा प्रकाश आणि परकी झाडं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आक्रमक झाडं पानांच्या परावर्तनावरून ओळखायच्या कामात तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. सगळं वाचायला वेळ नसेल तर 'ठरावीक सही'चा प्रश्न आणि अचूकतेचा प्रश्न, एवढे दोन तरी वाचा. बहुतेक गोंधळ त्या दोन जागीच होतो.

पानावरच्या प्रकाशावरून झाड देशी की परकं, हे खरंच कळतं का?

थेट कळत नाही. कळते ती प्रजाती, आणि तीही एखाद्या ठरावीक जागच्या मोजक्या झाडांमधून निवडायची असेल तर. ती प्रजाती तिथे मुळातली की बाहेरून आलेली, हे आपल्याला आधीच माहीत असावं लागतं. यंत्र फक्त एवढंच सांगतं, की हे पान अमुक ढिगातल्या पानांसारखं आहे. त्या ढिगावर 'आक्रमक' अशी चिठ्ठी आपणच लावलेली असते.

तरी एवढ्यावरही बरंच काम होतं. जिथे पायी जाऊन एकेक झाड तपासायला वर्षं लागतील, तिथे विमानातून किंवा ड्रोनमधून एका दिवसात मोजमाप होतं आणि माणसांना नेमकं कुठे पाठवायचं ते ठरवता येतं.

परावर्तन मोजतात म्हणजे नक्की काय मोजतात?

पानावर पडलेल्या प्रकाशापैकी किती परत आला, ते. मात्र एकच आकडा नाही, प्रत्येक तरंगलांबीला वेगळा. आपल्या डोळ्यांना साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटर दिसतं; या कामातला स्पेक्ट्रोमीटर, म्हणजे प्रत्येक तरंगलांबीचा प्रकाश वेगळा मोजणारं यंत्र, ३५० ते २५०० पर्यंत वाचतो. आधी एका पांढऱ्या पट्टीवर मोजायचं, मग पानावर, आणि दुसऱ्याला पहिल्याने भागायचं. ही पट्टी पीटीएफईची, म्हणजे टेफ्लॉनच्याच पदार्थाची असते आणि दिसणाऱ्या पट्ट्यातला जवळजवळ ९९ टक्के प्रकाश परत पाठवते. तिच्यावर बोट लागलं की बोटाचं तेल पुढच्या प्रत्येक मोजणीत उतरतं, म्हणून तिला हात लावू नका. हे सगळ्यांना सांगितलेलं असतं आणि तरी कुणीतरी लावतंच.

आलेख काढला की हिरव्या पानाची आकृती लगेच ओळखू येते. निळ्यात तळाशी, ५५० च्या आसपास एक लहानसा उंचवटा (हा आपल्याला दिसणारा हिरवा), ६७० च्या आसपास पुन्हा खळगा, आणि ७०० नंतर एकदम उभा कडा. या कड्याला 'रेड एज' म्हणतात. कडा चढून गेलं की ७५० पासून १३०० पर्यंत पठार, तिथे ४० ते ५० टक्के प्रकाश परत येतो. त्यापुढे १४५० आणि १९४० ला पाण्याने खणलेले दोन खोल खड्डे.

पठार नवं नाही. रॉबर्ट वुड या अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञाने १९१० मध्ये अवरक्त प्रकाशात काढलेली छायाचित्रं प्रसिद्ध केली, त्यात झाडांची पानं बर्फासारखी पांढरी दिसत होती. याला 'वुड इफेक्ट' म्हणतात, आणि त्यातलं वुड हे लाकूड नव्हे, आडनाव आहे. पुढे दुसऱ्या महायुद्धात याच गुणाचा उपयोग करून घेतला गेला: अवरक्त फिल्मवर खरी झाडी उजळ दिसायची आणि हिरव्या रंगाने रंगवलेलं सामान काळपट, त्यामुळे लपवलेलं उघडं पडायचं.

सगळी पानं हिरवीच असतात, मग फरक येतो कुठून?

जो हिरवा आपल्याला दिसतो, तो आलेखातला सगळ्यात कमी बोलका भाग आहे. हरितद्रव्य जवळपास सगळ्या झाडांत तेच, ते निळा आणि लाल गिळतं, त्यामुळे ४०० ते ७०० मध्ये बहुतेक पानांच्या रेषा एकमेकींवर चढलेल्या असतात. कोवळी तांबूस पालवी हा अपवाद, कारण तिच्यातलं अँथोसायनिन हे तांबडं रंगद्रव्य ५५० जवळचा उंचवटा दाबून टाकतं.

पठारावर गोष्ट बदलते. तिथे रंगद्रव्यांचं काही चालत नाही. प्रकाश पानात शिरतो आणि पेशीची भिंत संपून हवेची पोकळी सुरू होते त्या प्रत्येक सीमेवर वळतो, आपटतो, पुन्हा वळतो. शेवटी साधारण निम्मा वरून बाहेर येतो, निम्मा खालून, आणि शोषला जातो तो अगदी थोडा. पान किती जाड, आत पोकळ्या किती, पेशी कशा रचलेल्या, यावर पठाराची उंची ठरते. दोन पानं डोळ्यांना एकाच हिरव्या रंगाची दिसत असतील आणि पठारावर त्यांच्यात दहा टक्क्यांचं अंतर असेल, असं सहज घडतं.

पठाराच्या उतारावर ९७० आणि १२०० ला पाण्याच्या हलक्या खळग्या असतात. पुढे १५०० च्या पलीकडे पानाचं सुकं द्रव्य बोलू लागतं: सेल्युलोज, लिग्निन, प्रथिनं. त्यांच्या खुणा १७००, २१००, २३०० च्या आसपास सापडतात. अडचण अशी, की ताज्या पानात पाणी इतकं असतं की या खुणा त्याखाली झाकल्या जातात. पान वाळवलं की त्या उघड्या पडतात. म्हणूनच वनस्पतिसंग्रहातल्या जुन्या, दाबून वाळवलेल्या पानांवरूनही प्रजाती ओळखता येते.

हे सगळं कागदावर मांडणारं एक प्रारूपही आहे. स्टेफान जॅकमू आणि फ्रेदरिक बारे यांनी १९९० मध्ये मांडलेलं 'प्रॉस्पेक्ट'. पानाची रचना, हरितद्रव्य, पाणी आणि सुकं द्रव्य सांगितलं की ते आलेख काढून देतं. उलटं चालवलं की आलेखावरून या गोष्टींचा अंदाज देतं.

म्हणजे आक्रमक झाडांची अशी एक ठरावीक 'सही' असते का?

नसते. सगळ्यात जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि उत्तर ऐकून सगळ्यात जास्त हिरमोड होतो तोही इथेच.

पायनस रेडिएटा नावाचा पाईन घ्या. मूळचा तो कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरच्या तीन जागांचा आणि मेक्सिकोच्या दोन बेटांचा. तिथे तो जपावा लागतो. दक्षिण गोलार्धात लाकडासाठी त्याची प्रचंड लागवड झाली आणि न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलियात तो लागवडीबाहेर पसरला. त्याच्या सुईसारख्या पानावरून परतणारा प्रकाश दोन्हीकडे साधारण सारखाच. एका किनाऱ्यावर देशी, दुसऱ्यावर घुसखोर. परकेपण हा झाडाचा इतिहास आहे, आणि इतिहास पानावर उमटत नाही.

मग काहीच धागा नाही का? थोडा आहे. २००४ मध्ये इयन राइट आणि सहकाऱ्यांनी जगभरच्या २,५४८ प्रजातींच्या पानांची आकडेवारी एकत्र मांडली. तिच्यातून दिसलं, की पानं एका लांब रांगेत बसतात: एका टोकाला पातळ, नायट्रोजन जास्त असलेली, पटकन तयार होणारी आणि पटकन गळणारी, दुसऱ्या टोकाला जाड, चिवट, वर्षानुवर्षं टिकणारी. आक्रमक झाडं बऱ्याचदा पहिल्या टोकाकडे असतात, आणि जाडी, नायट्रोजन, पाणी या तिन्ही गोष्टी परावर्तनात दिसतात. म्हणून आजूबाजूची देशी झाडं चिवट पानांची असतील तर घुसखोर उठून दिसतो. पण उघड्या जमिनीवर पहिल्यांदा उगवणारी देशी झाडंही याच टोकाची असतात, आणि तिथे यंत्र हमखास फसतं. थोडक्यात, काम होतं ते शेजाऱ्यांमधल्या फरकावर. शेजारी बदलले की काम बदललं.

हवाईचं उदाहरण सगळीकडे का देतात?

कारण तिथे फरक सगळ्यात स्वच्छ मिळाला. हवाईतल्या ज्वालामुखींच्या उतारांवरची जमीन तरुण आहे आणि तिच्यात नायट्रोजन फार कमी. तिथलं मूळ झाड ओहिया त्याच गरिबीत वाढणारं, पानं जाडसर. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी अझोरेस, मदेरा, कॅनरी बेटांकडचं फाया नावाचं झाड तिथे आलं. त्याच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नायट्रोजन बांधतात. पीटर व्हिटुसेक आणि सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये दाखवलं, की या एका झाडामुळे त्या जंगलाचा नायट्रोजनचा सगळा हिशेबच बदलतो.

२००५ मध्ये ग्रेगरी ॲस्नर आणि व्हिटुसेक यांनी हेच विमानातून पाहिलं. उपकरण होतं नासाचं अविरिस: ४०० ते २५०० नॅनोमीटर, २२४ पट्टे (म्हणजे तरंगलांबीचे तेवढे तुकडे). फायाने जिथे मूळ जंगलाची जागा घेतली होती, तिथे छत्रातलं, म्हणजे झाडांच्या वरच्या पानोऱ्यातलं, नायट्रोजनचं प्रमाण आणि पाणी, दोन्ही दुप्पट झालेलं दिसलं. मला त्याहून भावतो तो त्याच अभ्यासातला दुसरा भाग. काहिली आलं नावाची सोनटक्क्याच्या जातीची परकी वनस्पती तिथे झाडांखाली माजते, बरीचशी झाडांआड दडलेली. तिच्यामुळे वरच्या झाडांच्या पानांतला नायट्रोजन घटला होता आणि एकूण पाणी मात्र वाढलं होतं. खालच्या घुसखोराची चाहूल वरच्या पानांवरून लागली.

हे वाचून लोक आपल्याकडच्या कामातही अशीच अपेक्षा ठेवतात. पण जिथे देशी झाडांमध्येच नायट्रोजन बांधणारी शेंगावर्गीय झाडं भरपूर आहेत, तिथे ही युक्ती चालत नाही.

उपकरण कोणतं लागतं? मोबाइलच्या कॅमेऱ्याने भागेल का?

मोबाइलने भागत नाही. त्याच्या सेन्सरसमोर अवरक्त प्रकाश अडवणारी काच बसवलेली असते, म्हणजे आलेखातला जो भाग उपयोगाचा तोच कापलेला. फुलोरा किंवा पानगळीचा रंग टिपायला मात्र मोबाइल उत्तम, आणि कधीकधी तेवढंच पुरतं.

पाच पट्ट्यांचा मल्टिस्पेक्ट्रल कॅमेरा ड्रोनवर बसतो आणि रेड एज आणि जवळचं अवरक्त देतो. पूर्ण ३५० ते २५०० हवं असेल तर पाठीवर न्यायचा स्पेक्ट्रोमीटर. तो महाग आहे, बऱ्याच जणांना विद्यापीठाकडून किंवा संशोधन संस्थेकडून उसना मिळवावा लागतो. उसना घेणार असाल तर सोबत पांढरी पट्टीही तपासून घ्या. यंत्र जपलेलं असतं, पट्टी कुणी जपत नाही.

पान प्रत्यक्ष कसं मोजायचं?

यंत्र सुरू करून निदान अर्धा तास तापू द्या. आत तीन वेगवेगळे डिटेक्टर असतात आणि त्यांचे तुकडे जोडून एक रेषा बनते. यंत्र थंड असलं की १००० नॅनोमीटरला रेषेत पायरी पडते, जणू कुणी आलेख कापून अर्धा वर सरकवला. ती पायरी दिसली की थांबा. नंतर संगणकावर दुरुस्त करू म्हणून पुढे जाऊ नका.

मग लीफ क्लिप, म्हणजे पान धरणारा यंत्राचा चिमटा. हिच्यात स्वतःचा हॅलोजनचा दिवा असतो, त्यामुळे ऊन-ढगांची कटकट नाही. पान मधल्या शिरेच्या बाजूला धरा, शीर येऊ देऊ नका, वरची बाजू दिव्याकडे, पानामागे काळं. क्लिप मिटली की दोनतीन सेकंदांत मोजणी घ्या आणि सोडा. दिवा गरम असतो. एकाच जागी वीसेक सेकंद धरलंत तर पान तिथे भाजतं, आणि तुम्ही मोजता ते भाजलेलं पान. एका पानावर तीन ते पाच जागी मोजून सरासरी घ्यायची.

पानं छत्राच्या वरच्या, उन्हातल्या फांद्यांवरची घ्या. सावलीतलं पान पातळ असतं आणि त्याच झाडाचं असूनही निराळं दिसतं. कोवळी आणि पिकलेली दोन्ही सोडा. धूळ असेल तर ओल्या मऊ कापडाने पुसा, पण पुसायचं तर सगळीच.

सुबाभळीसारख्या झाडांची पर्णिका इतकी बारीक असते की एकटी क्लिपचं तोंड भरत नाही. पर्णिका एकमेकींना चिकटून, फट न ठेवता मांडाव्या लागतात. त्यात तोडल्यावर त्या लगेच मिटू लागतात. मिटलेल्या पर्णिकांची दुहेरी जाडी म्हणजे वेगळाच आलेख. अशा झाडांसाठी फांदी पाण्यात धरून, तोडल्या जागी मोजणं हाच एक उपाय मला पटलाय.

तोडलेलं पान किती वेळ टिकतं?

ओल्या कागदात गुंडाळून, पिशवी बंद करून, थंड डब्यात ठेवलं तर काही तास. त्याहून जास्त भरवसा ठेवू नका.

एकदा आमच्याकडून चूक झाली ती सांगतो. देशी झाडांची पानं दुपारी आली, लगेच मोजली. परक्या झाडांची संध्याकाळी उशिरा आली, ती सकाळवर टाकली. मॉडेलने, म्हणजे ओळखीच्या पानांवरून शिकवलेल्या संगणकाच्या प्रोग्रॅमने, वर्गीकरण केलं तर ९८ टक्के अचूकता. दोन दिवस आम्ही हवेत होतो. मग कुणीतरी विचारलं, की मॉडेल कोणत्या पट्ट्यांवर इतकं विसंबलंय? उत्तर आलं: १४५० आणि १९४०. म्हणजे पाणी. मॉडेल देशी-परकं काही शिकलंच नव्हतं, ताजं आणि शिळं ओळखायला शिकलं होतं. तेव्हापासून प्रत्येक दिवशी दोन्ही गटांची पानं मिसळून मोजतो, आणि कुठलं पान कितव्या मिनिटाला तोडलं ते वहीत लिहितो.

किती पानं मोजली म्हणजे पुरे?

पानं मोजू नका, झाडं मोजा. दहा झाडांची पन्नास-पन्नास पानं म्हणजे ५०० नमुने नव्हेत, दहाच. एकाच झाडाची पानं एकमेकांची भावंडं असतात. त्यातली काही शिकवायला आणि काही तपासायला वापरली, तर मॉडेल प्रजाती ओळखत नाही, ते झाड ओळखतं. वाटणी करताना अख्खं झाड एका बाजूला टाका. जमलं तर अख्खी जागाच.

झाडं वेगवेगळ्या मातीतली, उतारांवरची, वयाची हवीत. मॉडेलला एकाच ओढ्याकाठची झाडं दाखवलीत तर माथ्यावरचं झाड त्याला ओळखू येणार नाही. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार?

क्लिपमध्ये झाड नीट ओळखता येतं, मग ड्रोनमधून का चुकतं?

कारण वरून पान दिसत नाही, छत्र दिसतं. त्यात पानांमधल्या सावल्या आल्या, फांद्या, साल, फटींतून दिसणारी जमीन, पानांचा कल, मागच्या बाजू, सगळं आलं. पानाच्या पातळीवर पाच टक्क्यांचा फरक असेल तर छत्रात तो सावलीखाली गडप होऊ शकतो.

उलटही घडतं, आणि ते लोक विसरतात. पानं सारखी असली तरी छत्रं वेगळी असतात. एकाची पानं खाली लोंबणारी, दुसऱ्याची आडवी पसरलेली. एकाचं छत्र दाट, दुसऱ्याचं विरळ. निलगिरीसारख्या झाडाची पानं उभी लोंबत असल्यामुळे वरून उतरणारं ऊन पानांच्या मधून निसटून जातं, आणि छत्र पानाच्या मानाने काळपट दिसतं. मॉडेलला याचाही फायदा मिळतो. म्हणून क्लिपचे आकडे थेट ड्रोनच्या चित्राला लावू नयेत. ड्रोनसाठी शिकवणी ड्रोनच्याच चित्रातल्या ओळखीच्या झाडांची.

बाहेरच्या उन्हात आणखी एक गोष्ट जाते. हवेतलं बाष्प १४०० आणि १९०० जवळचा सूर्यप्रकाश जमिनीवर पोचूच देत नाही. क्लिपमध्ये दिसणारे ते दोन खोल खड्डे बाहेर नुसता कचरा असतो, तो भाग कापून टाकावा लागतो.

मोजणीला कोणता काळ चांगला?

दिवसाचा विचाराल तर सूर्य उंच असताना, म्हणजे साधारण दहा ते दोन. त्याआधी-नंतर सावल्या लांबतात.

वर्षाचा विचाराल तर तो याहून कितीतरी महत्त्वाचा प्रश्न आहे. परकं झाड पुष्कळदा आपलं वेळापत्रक बरोबर घेऊन येतं, आणि शेजाऱ्यांचं वेळापत्रक वेगळं असतं. अमेरिकेच्या पूर्व भागातल्या पानगळीच्या जंगलांत जेसन फ्रिडली यांनी २०१२ मध्ये दाखवलं, की जंगलातल्या खालच्या थरातल्या परक्या वनस्पती शरद ऋतूत देशी वनस्पतींपेक्षा उशिरापर्यंत पानं राखतात. त्यांतलंच आमूर हनीसकल हे झुडूप सगळं रान उघडं पडल्यावर हिरवं राहिलेलं लँडसॅट उपग्रहाच्या चित्रातही दिसतं. टेक्ससमध्ये टॅमरिस्क हे परकं झाड पानगळीआधी पिवळं-नारिंगी होतं. १९९० च्या सुमारास साध्या हवाई रंगीत छायाचित्रांवरून ते वेचून काढलं गेलं होतं. वेडी बाभूळ आफ्रिकेच्या कोरड्या भागांत आजूबाजूचं सगळं करपलेलं असताना हिरवी असते, म्हणून तिचा नकाशा कोरड्या दिवसांतल्या चित्रावरून करतात.

माझं मत विचाराल तर महागड्या दोनशे पट्ट्यांचं एक चित्र आणि स्वस्त पाच पट्ट्यांची योग्य वेळची चार चित्रं, यांतून निवडायचं झालं तर मी चार चित्रं घेईन.

उपग्रहावरून घरबसल्या होईल का?

आधी मापं बघा. सहा मीटर व्यासाचं छत्र म्हणजे सुमारे २८ चौरस मीटर. सेंटिनेल-२ उपग्रहाच्या चित्रातला सगळ्यात बारीक चौकोन (पिक्सेल) १० बाय १० मीटर, म्हणजे १०० चौरस मीटर. रेड एजचे पट्टे तर २० मीटरचे. लँडसॅटचा चौकोन ९०० चौरस मीटरचा, त्यात आपलं झाड तीन टक्के. अंतराळ स्थानकावर २०२२ पासून असलेल्या एमिट या उपकरणाचा ६० मीटरचा. इटलीचा प्रिस्मा उपग्रह २०१९ मध्ये गेला आणि जर्मनीचा एनमॅप २०२२ मध्ये. दोघे शेकडो पट्टे देतात, पण ३० मीटरच्या चौकोनात.

म्हणजे एकटं-दुकटं झाड उपग्रहावरून सापडणार नाही. माजलेली रांगच्या रांग सापडेल. दुर्दैव असं, की आक्रमण हटवायला सोपं असतं ते झाड एकटं-दुकटं असतानाच.

आणि घरबसल्या तर नाहीच. जमिनीवर कुणी न जाता नुसत्या चित्रावरून काढलेले नकाशे म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं.

एनडीव्हीआय पुरेसा नाही का?

नाही. जवळच्या अवरक्तातून लाल वजा करून त्यांच्याच बेरजेने भागलं की एनडीव्हीआय मिळतो. हिरवळ किती, हे तो चांगलं सांगतो. कुणाची, ते सांगत नाही. दाट छत्रावर तर तो वरच्या टोकाला जाऊन बसतो आणि हलत नाही. वर्षभरातला त्याचा चढ-उतार मात्र उपयोगी पडतो, वरच्या वेळापत्रकाच्या मुद्द्यासाठी.

९५ टक्के अचूकता लिहिलेली असते. विश्वास ठेवावा?

एक हिशेब करा. एका जंगलात १०,००० झाडं, त्यातली २०० आक्रमक. मॉडेल आक्रमक झाडांतली ९५ टक्के पकडतं आणि देशी झाडांतली ९५ टक्के बरोबर सोडतं. म्हणजे २०० पैकी १९० पकडली. छान. पण ९,८०० देशी झाडांतली पाच टक्के, म्हणजे ४९०, चुकून आक्रमक ठरली. नकाशावर एकूण ६८० लाल ठिपके, त्यातले खरे १९०. दर चार ठिपक्यांत जवळपास तीन चुकीचे.

कुऱ्हाड घेऊन निघालेल्या माणसाच्या हातात हा नकाशा दिला तर काय होईल, याचा विचार करा. आणि गंमत म्हणजे सगळीच झाडं देशी आहेत असं डोळे मिटून सांगणाऱ्या माणसाची अचूकता ९८ टक्के येते, मॉडेलपेक्षा जास्त.

म्हणून एकूण अचूकता विचारू नका. दोन गोष्टी विचारा: आक्रमक म्हणून दाखवलेल्यांतली किती खरी निघाली, आणि खऱ्यांतली किती सुटली. आणि तपासणीची झाडं शिकवणीच्या झाडांपासून किती लांब होती, हेही. या तिन्हींची उत्तरं अहवालात नसतील तर ९५ हा नुसता आकडा आहे.

कोणतं अल्गोरिदम वापरावं?

रँडम फॉरेस्ट, सपोर्ट व्हेक्टर मशीन, पीएलएस-डीए, या वर्गीकरणाच्या पद्धती सगळ्याच चालतात. नमुने नीट असतील तर त्यांच्यात फार अंतर पडत नाही. नमुने थोडे आणि पट्टे दोन हजार असतील तर मात्र कुठलंही मॉडेल योगायोगच पाठ करतं. आधी पट्टे कमी करा.

दुसऱ्या ठिकाणी तयार केलेलं मॉडेल आपल्याकडे चालेल?

जसंच्या तसं नाही. माती, पाऊस, उंची बदलली की त्याच प्रजातीचं पान बदलतं, आणि वर म्हटलं तसं शेजारीही बदलतात. नव्या जागची थोडी झाडं घालून पुन्हा शिकवलं तर बऱ्याचदा मार्गी लागतं.

एकाच कुळातली देशी आणि परकी झाडं वेगळी काढता येतात का?

इथे सगळ्यात जास्त घाम निघतो. जवळच्या नातलगांची पानं रसायनातही नातलगच असतात. कधीकधी नशीब साथ देतं. ऑस्ट्रेलियातून जगभर गेलेल्या पुष्कळ बाभळींना खरं पान नसतंच. चपटा झालेला देठ पानाचं काम करतो. संयुक्त, बारीक पर्णिकांच्या बाभळीशेजारी असं झाड असेल तर छत्र लगेच वेगळं दिसतं. पण दोन्ही बारीक पर्णिकांच्या असतील तर परावर्तनावर वेळ घालवण्याआधी फुलोऱ्याच्या तारखा बघा. आणि दोघांचा संकर होत असेल तर शेवटी डीएनए तपासावाच लागतो.

माझ्याकडे यंत्र नाही. काही करता येईल का?

हो, आणि ज्याची सगळ्यात जास्त टंचाई आहे तेच करता येईल: खात्रीने ओळखलेल्या झाडांची नोंद. यंत्रं आहेत, चित्रं फुकट मिळतात, सेंटिनेल-२ ची २०१५ पासूनची आणि लँडसॅटची त्याच्याही खूप आधीची. कमी पडतात ती 'हे झाड नक्की अमुकच' अशी नाव-ठिकाण-तारखेची टिपणं. आक्रमक झाडांची घ्याच, पण त्यांच्याशी घोटाळा होऊ शकेल अशा देशी झाडांचीही तितकीच घ्या; ती कुणी घेत नाही.

तारीख लिहा, पानं कोवळी की जून, फुलं आहेत का, छत्राचा अंदाजे व्यास, आणि वरून ते झाड मोकळं दिसेल की दुसऱ्याखाली दडलेलं आहे. दडलेलं झाड चित्रात दिसणार नाही, आणि त्या ठिकाणी शिकवणी म्हणून चुकून वरच्या झाडाचा प्रकाश जाईल. जीपीएसचा आकडा खोडाशी उभं राहून घेतला तर दाट झाडीत तो सहज पाचदहा मीटर सरकतो, म्हणजे शेजारच्या झाडावर जाऊन बसतो. म्हणून फक्त आकड्यावर राहू नका. जवळच्या वाटेचं वळण, मोठा खडक, ओढ्याचा काठ, असं वरूनही ओळखू येईल असं काही असेल तर त्यापासून झाड किती पावलं आणि कोणत्या दिशेला, तेही लिहून ठेवा.